वेळेवर भरलेला हप्ता

शैक्षणिक कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भरायचा असे. तो दर महिन्याला मुदतीतच भरला जाई. आणि दर महिन्याला त्यावर उशिराचा दंड लागे.

हप्ता भरणारी मुलगी या घटकेला रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात उभी होती, आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर बसलेला माणूस तोच दंड वसूल करण्यासाठी नेमलेला होता. त्याचा डावा गाल डोळ्याखाली आत दबला होता. डोळा जवळजवळ मिटला होता. सदऱ्याच्या पुढच्या भागावर वाळलेले रक्त होते आणि ते सगळे त्याचेच होते.

"हनुवटी वर करा. नाक पाटीला टेकवा."

"टेकत नाही."

"दुखेल. टेकवा."

"मुद्दाम करतेस ना?"

"मुद्दाम करायचं असतं, तर पहिला फोटो हलला म्हणून दुसरा काढला असता. श्वास रोखा."

तिने शिशाच्या पडद्यामागे जाऊन बटण दाबले. मॉनिटरवर कवटी उमटली. गालाचे हाड तीन ठिकाणी तुटले होते. दोन ठोशांत सहसा एवढे तुटत नाही, असे तिला शिकवले होते. शिकवणाऱ्यांनी तिच्या बापाचा हात पाहिलेला नव्हता.

"तुझ्या बापानं मारलंय मला," तो म्हणाला.

"माहीत आहे. मी तिथंच होते."

सकाळी ती खरोखरच तिथे होती. वसुलीवाला त्याआधीही घरी येऊन गेला होता, पण तेव्हा तो दाराबाहेरूनच बोलत असे. आज आईने उजेडासाठी शिवणयंत्र उंबऱ्याशी ओढून घेतले होते. त्याने आधी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात थकबाकीचा आकडा सांगितला. मग म्हणाला, "पोरीला शिकवायला पैसे घेताना लाज नाही वाटली, आता फेडताना दारं लावता काय?" दार उघडेच होते. आई म्हणाली, "भाऊ, ती भरते हो दर महिन्याला." त्यावर त्याने शिवणयंत्राला लाथ घातली. लोखंडी पायासकट यंत्र आईच्या नडगीवर पडले. सुई तिच्या तळहातातून आरपार गेली.

बाप आतून आला. अर्ध्या गालाला दाढीचा साबण होता. लोखंड घडवणाऱ्या कारखान्यात त्याने आयुष्यभर घण मारला होता, आणि घण मारणाऱ्याला हात आखडता घ्यायला कोणी शिकवत नाही. पहिल्या ठोशाने वसुलीवाला पायरीवरून गटारीत गेला. बाप खाली उतरला, त्याने वसुलीवाल्याची कॉलर धरून त्याला उभे केले आणि पुन्हा हात मागे नेला. मुलगी त्या हाताला लटकली. हाताने तिला भिंतीवर आपटले आणि मग पुढचे काम केले.

"बाबा, सोडा! मरेल तो!"

"मरू दे."

"अहो," आई आतून म्हणाली, "माझा पाय बघा आधी."

तेव्हा त्याने कॉलर सोडली.

त्यानंतर कोणी त्याविषयी बोलले नाही. बाहेरची मारामारी घरात आणायची नाही, असा आईचा लग्नापासूनचा दंडक होता. बापाने राहिलेली अर्धी दाढी केली. उजवा हात सुजल्यामुळे ती डाव्या हाताने केली.

वसुलीवाल्याने स्टुलावरून उठता उठता भिंत धरली. "ऐक," तो म्हणाला. "मी पोलिसांत लिहून दिलंय. तुझा बाप आत जाणार. एकच रस्ता आहे. सगळी थकबाकी भर, उशीर झाला होता असं लिहून दे, मी तक्रार मागे घेतो."

"उशीर झालेलाच नाही."

"मग बँकेनं यादीत तुझं नाव काय माझ्या करमणुकीसाठी घातलं?"

"तेच बँकेत जाऊन विचारणार आहे. डावीकडच्या दारानं जा, टाके तिकडं घालतात."

दुपारी पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने बापलेकीला समोर बसवले आणि सरळ सांगितले. "हे बघा ताई, मारलं ते मारलं. त्याला औषध नाही. पण थकबाकी नव्हतीच असं बँकेनं लिहून दिलं, तर हा तुमच्या दारात कशाला आला होता, असा प्रश्न येतो. मग घरात घुसून बाईला जखमी केलं म्हणून मला त्याच्यावरही लिहिता येतं. असं दोन्हीकडून लिहिलं गेलं की माणसं शहाणी होतात आणि मिटवतात. कागद आणा. नाही आणलात तर काकांना कपडे भरायला सांगा."

"कपडे कशाला?" बाप म्हणाला. "तिथं देतात ना?"

"बाबा."

संध्याकाळी तिने बापाला मागच्या दाराने क्ष-किरण खोलीत नेले. करंगळीखालचे हाड तुटले होते. ते अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते शेजारचे. अनामिकेखालच्या हाडावर एक जाड गाठ होती. जुनी मोड, न बसवता आपोआप जुळलेली, काही वर्षांपूर्वीची.

"हे जुनं कधीचं, बाबा?"

"कामावरचं."

"घण मारताना इथं तुटत नाही."

"तुला सगळं कळतं."

"हाडांचं कळतं."

"मग हाडंच बघ. मधे बोलू नको."

हाताला प्लास्टर घालताना तिने आणखी एक प्रश्न विचारला. तो प्रश्न ती गेली तीन वर्षे अधूनमधून विचारत होती. कर्जाचे सगळे हप्ते तिने स्वतः पगारातून, मोबाइलवरून भरले होते. फक्त पहिला हप्ता तिला नोकरी लागण्याआधीचा होता आणि तो बापाने शाखेत जाऊन रोख दिला होता. बँकेच्या उताऱ्यावर त्यापुढे सहा तारीख होती.

"तुम्ही तो पाच तारखेलाच दिला होता ना?"

"कितीदा सांगू? या हातानं दिले."

त्याने प्लास्टरमधला हात उचलून दाखवला.

दुसऱ्या दिवशी दोघे शाखेत गेले. शाखेची व्यवस्थापक मध्यमवयीन बाई होती. चष्मा कपाळावर चढवून बोलण्याची तिला सवय होती आणि ती घाईत नव्हती. आतापर्यंत प्रत्येक खिडकीवर मुलीला एकच उत्तर मिळाले होते, की दंड कॉम्प्युटर लावतो. कॉम्प्युटर तो कशासाठी लावतो, हे पहिल्यांदा या बाईने उघडून पाहिले.

"तुम्ही पैसे वेळेवर भरता. त्याबद्दल वाद नाही. पण आलेल्या पैशातून आधी मागचा दंड कापला जातो. उरतो तो हप्ता. तो दंडाएवढा कमी पडतो. कमी पडला म्हणजे पूर्ण भरला नाही, पूर्ण भरला नाही म्हणजे उशीर, आणि उशीर म्हणजे…"

"नवा दंड."

"हो."

"तो पुढच्या हप्त्यातून."

"हो. आणि कमी पडलेली रक्कम मागे साठत जाते. तीच तुमची थकबाकी."

"म्हणजे काल मारलेला माणूस मेला नाही म्हणून आज पुन्हा मारायचा," बाप म्हणाला. "आणि आज वाचला म्हणून उद्या."

व्यवस्थापक बाईने चष्मा खाली घेऊन त्याच्याकडे पाहिले. "साधारण तसंच, काका. पण सुरुवात पहिल्या दंडानं झालीय. तो खरा असेल तर मला हात लावता येत नाही. पहिला हप्ता सहा तारखेला जमा झालाय."

"पाच तारखेला दिलाय."

"पावती?"

बाप खिडकीबाहेर पाहू लागला.

"पावती नाही म्हणजे काय, बाबा? पैसे दिले आणि पावती घेतली नाही?"

व्यवस्थापक बाई म्हणाली, "तेव्हाचे कॅशियर अजून इथंच आहेत. विचारून बघू," आणि तिने शिपायाला पाठवले.

रोखपाल दारात आला आणि तिथेच थांबला. त्याचा हात आपोआप तोंडाकडे गेला. बाप उठला तशी मागची खुर्ची आडवी झाली. बाहेरच्या पहारेकऱ्याने आवाज ऐकून आत डोके घातले.

"बसा," रोखपाल म्हणाला. बोलताना वरच्या ओठाखाली बसवलेले दोन दात दिसले. शेजारच्यांपेक्षा ते जरा जास्तच पांढरे होते. "या वेळी मधे काच नाही, पण हात प्लास्टरमधे आहे. फिट्टंफाट."

"तुम्ही ओळखता यांना?" मुलीने विचारले.

"ओळखणारच. रोज जेवताना आठवण होते." तो खुर्चीच्या कडेवर टेकला, दाराजवळच्या. "त्या दिवशी खिडकीवर गर्दी होती. यांनी नोटा दिल्या. काळ्या, तेलकट, कारखान्यातल्या. मी मोजत होतो."

"कशानं?" बाप म्हणाला.

"पेन्सिलीनं. पेन्सिलीच्या टोकानं उलटून."

"मेलेला उंदीर लोटतात तशा."

"मला हात काळे करायचे नव्हते. इतकंच."

"माझे होते ना काळे."

"हो. ते पुढच्या क्षणाला अगदी जवळून दिसले. काचेखालच्या फटीतून हात आत आला आणि…" त्याने वाक्य पुरे केले नाही, ओठ वर करून दाखवला. "एक दात गल्ल्यात पडला, एक मी गिळला. यांचा हात फटीत अडकला होता, तो यांनी हिसकून बाहेर ओढला. तेव्हा काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मला वाटलं, काच. पण काच शाबूत होती."

मुलीने बापाकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता.

"आणि पैसे?" व्यवस्थापक बाईने विचारले.

"पैसे माझ्या बाजूलाच राहिले. वॉचमननं यांना बाहेर काढलं, मला दवाखान्यात नेलं, गल्ल्याला कुलूप लागलं. सकाळी येऊन मी नोटांवरचं रक्त पुसलं, त्या वाळवल्या आणि जमा केल्या. तेव्हा सहा तारीख होती."

"तुम्ही तक्रार केली नाहीत?"

"केली असती तर पेन्सिलीचंही सांगावं लागलं असतं."

"पण दंड लागणार हे ठाऊक होतं तुम्हाला," मुलगी म्हणाली.

"होतं. म्हटलं, लागू दे एक. दातांच्या बिलापेक्षा स्वस्त पडला यांना. तो असा पिल्लं घालतो हे माहीत नव्हतं. कर्जाचं टेबल माझं नाही." मग तो म्हणाला, "माहीत असतं तरी बोललो असतो की नाही, ते सांगत नाही."

व्यवस्थापक बाईने पुढचा मार्ग स्पष्ट केला. रक्कम पाच तारखेला खिडकीत आली होती, असे रोखपालाने आणि ग्राहकाने लिहून दिले, तर पहिला दंड रद्द होतो. पहिला रद्द झाला की बाकीचे उभे राहत नाहीत. थकबाकी नव्हतीच, असे पत्र ती आजच देऊ शकते. "फक्त रक्कम त्या दिवशी जमा का झाली नाही, ते कारण अर्जात लागेल. कारणाशिवाय तारीख बदलता येत नाही. आणि अर्जाची प्रत पत्राला जोडावी लागते."

मुलीने पेन उचलले होते, ते खाली ठेवले. पत्र ठाण्यात जाणार होते. जोडलेली प्रतही जाणार होती. थकबाकी नव्हती, हे ज्या कागदाने सिद्ध होणार होते, त्याच कागदाने या माणसाने याआधीही एकाचे तोंड फोडल्याचे सिद्ध होणार होते. दुसरा पर्याय वसुलीवाल्याचा होता: सगळे भरायचे, उशीर झाला होता असे कबूल करायचे आणि बाप घरी ठेवायचा.

"कॉम्प्युटर बंद होता असं लिहू का?" रोखपाल हळूच म्हणाला. "तांत्रिक अडचण. तेव्हा बंद पडायचा अधूनमधून."

व्यवस्थापक बाई खिडकीबाहेर पाहू लागली.

"नको," बाप म्हणाला.

"बाबा, एकदा तरी गप्प बसा."

"बसलो होतो की. इतकी वर्षं बसलो." त्याने डाव्या हाताने आडवी झालेली खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसला. "पोरी, तू एक दिवस उशीर केला नाहीस आणि मी त्याला तुझ्या नावानं ओरडू दिलं. गल्लीत. तुझी आई मशीनखाली गेली. ते मशीन त्यानं पाडलं, पण त्याला दारात कोणी आणलं? मला माहीत नव्हतं. आता आहे. लिही."

"पोलिस वाचणार हे."

"त्यांना वाचता येतं म्हणूनच लिहायचं."

"रागाच्या भरात असं लिहू?"

"राग बिग काही नको. मारला, एवढंच."

रोखपालाने खिशातले पेन काढून सहीसाठी तयार ठेवले. मुलीने कागद पुढे ओढला आणि क्ष-किरण अहवाल लिहिते त्याच अक्षरात, न थांबता लिहिले:

'पहिला हप्ता माझ्या वडिलांनी पाच तारखेला रोख आणून खिडकीत दिला. नोटा कारखान्यातल्या असल्यामुळे काळ्या होत्या. रोखपालांनी त्या हाताने न मोजता पेन्सिलीने उलटल्या. वडिलांनी त्यांना ठोसा मारला. रोखपालांचे दोन दात पडले, खिडकी बंद झाली आणि रक्कम दुसऱ्या दिवशी जमा झाली. त्यानंतर लागलेला प्रत्येक दंड त्या एका दिवसाचा आहे. एकही हप्ता उशिरा भरलेला नाही.'