आतली कडी

कडीला अजून दाराचा रंग चिकटलेला होता — निळा, तुळतुळीत, लेकीला जुळं झालं त्याच वर्षी पालिकेनं गल्लीतल्या संडासांच्या दारांना फासलेला — आणि स्क्रूच्या भोकांत लाकडाचा चुरा. बोटाएवढी वस्तू. धाकटीनं ती मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचा ठसा उमटला होता. पालिकेच्या बाकावर बसल्या बसल्या ती मूठ उघडून तो ठसा बघे आणि पुन्हा मिटून घेई. काल संध्याकाळी मुकादमानं ही कडी दारावरून उपसली होती आणि तिच्या हातावर ठेवली होती, सुटे पैसे परत करावेत तशी.

“सरकारी दाराला भोक पाडलंस, आजी,” तो म्हणाला होता.

गल्लीतल्या बायका त्याला घड्याळ म्हणत, कारण तो कधीच वेळेवर येत नसे. नळ तुंबला, पायऱ्यांवर घाण आली, दिवा गेला — घड्याळ बंद. काल मात्र सुताराची पाठ फिरते न फिरते तोच तो हजर झाला. भोक म्हणे. पत्र्याची जुनी दारं होती तेव्हा त्यांना इतकी भोकं होती की आत बसलं तर अंगावर उन्हाचे ठिपके पडत, तेव्हा कुणाला भोक दिसलं नाही. सरकारी दार! मग आतली बाई कुणाची, ते विचारायला हवं होतं त्याला… पण हे असं नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतं. थोरली असती तर तिला जागच्या जागी सुचलं असतं.

थोरली म्हणजे तिची जाऊ. केस पांढरे झाले, दात गेले, तरी गल्लीत सगळे हिला धाकटीच म्हणत, कारण वर थोरली होती. आता थोरली नाही. मग मी धाकटी कुणाची, हे तिला गेल्या काही आठवड्यांत भलत्याच वेळी आठवे — भाजी चिरताना, जिना उतरताना — आणि हातातलं काम तसंच राही.

लग्न होऊन आली त्या पहिल्या सकाळी थोरलीनंच तिला गल्लीच्या टोकाला नेलं होतं. दाराला कडी नव्हती. धाकटी दारातच थबकली. “आत जा,” थोरली म्हणाली, “मी धरते.” आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. “बराच वेळ लागला तरी चालेल, पण गाणं म्हणू नकोस. इथं एक गाणारी होती, लोक थांबून ऐकायचे.” धाकटी आतल्या आत हसली, आणि नव्या घरातलं तिचं ते पहिलं हसू होतं.

त्या दिवसापासून ती दोघींची रीत झाली. एक आत, एक बाहेर. गल्लीतल्या सगळ्याच बायकांची होती, आई लेकीचं धरी, शेजारीण शेजारणीचं. दाराला पाठ लावायची, टाच खाली रोवायची, आणि आतून विचारलं, “आहेस का?” तर बाहेरून म्हणायचं, “आहे, जाते कुठं.” घरात दोघींमध्ये सासू बसलेली असे, चूल, पीठ, मीठ यापलीकडे बोलणं नसे. सगळं बोलणं दाराशी. तोंड दिसत नसलं की थोरलीला बोलता येई. पोटातलं मूल गेलं ते तिनं दाराआडून सांगितलं. नवरा दुसरीकडे जात होता तेही. पुढं सासू गेली, नवरे गेले, घर दोघींचं झालं, समोरासमोर बसून बोलायला कुणाची आडकाठी उरली नाही — तरी खरं बोलायचं असलं की थोरली म्हणे, “चल गं, जाऊन येऊ.”

आणि मग लेकीला जुळं झालं. लेकीच्या घरी बघायला कुणी नव्हतं. धाकटी गेली ती उन्हाळा भरात येईपर्यंत तिकडेच राहिली. जायच्या दिवशी थोरली म्हणाली होती, “माझी काळजी करू नकोस. मी काय लहान आहे?” धाकटीचा मुलगा परगावी नोकरीला, सून पहाटे कामाला बाहेर पडे, नात शाळेत. उभ्या गल्लीची दारं धरलेली बाई, पण स्वतःसाठी कुणाला “जरा धर गं” म्हणायला तिचं तोंड उघडेना. तिनं आपला तोडगा काढला. पाणी कमी केलं. आधी दुपारचं, मग संध्याकाळचं. उन्हाळ्यात. घरात माठ भरलेला असताना. नुसते ओठ ओले करायचे. दवाखान्यातून फोन आला तेव्हा धाकटी जुळ्यातल्या एकाला दूध पाजत होती. ती धावत आली तेव्हा डॉक्टर सुनेला विचारत होता, “या पाणीच पीत नव्हत्या का? किडन्या गेल्यात दोन्ही.” सून म्हणाली, “मला कुठं माहीत.” खरंच माहीत नव्हतं तिला. कुणालाच नव्हतं. गल्लीत मात्र एकीदोघी बोलल्या — धाकटी लेकीकडं जाऊन बसली नसती तर… म्हणजे माझ्या लेकीला जुळं झालं हा माझा गुन्हा. दाराला कडी नाही हा कुणाचाच नाही.

आणि तरीही ती गप्प बसली असती. दुःख होतं, ते करत बसली असती. पण गेल्या आठवड्यात तिनं नातीचं दप्तर उचललं तर ते जड लागलं. पाण्याची बाटली भरलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली. नात आता मोठी झाली होती. कुणी दार धरलं की तिला आत जायची लाज वाटे आणि कुणी धरलं नाही की भीती.

“पाणी का नाही प्यालीस गं?”

“तहान नव्हती.”

ओठांना भेगा पडलेल्या, आणि तहान नव्हती. धाकटीच्या डोक्यात तेव्हा जे पेटलं ते अजून विझलं नव्हतं. तिनं त्याच दिवशी कडी आणली, आणि काल सुताराला हाताला धरून नेलं.

“साहेबांनी आत बोलावलंय,” शिपाई म्हणाला.

साहेब तिच्या मुलाहून लहान होता. खोलीत गारवा होता. त्यानं खुर्ची दाखवली, स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. “बसा आजी. पाणी घ्या आधी.” ग्लासाला बाहेरून घाम आला होता. तिनं ग्लासाकडं बघितलं आणि त्याच्या शेजारी कडी ठेवली.

“ही परत लावून द्या.”

साहेबानं मुकादमाकडून ऐकलेलं असावं, कारण त्याला नवल वाटलं नाही. “मंजूर नमुन्यात आतून कडी नाही, आजी,” तो समजावून म्हणाला. “आत कुणी चक्कर येऊन पडलं, लहान मूल अडकलं, तर दार बाहेरून उघडता यायला हवं. तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.”

“बाहेरून कडी आहे.”

“ती कुलपासाठी.”

“ठाऊक आहे. पाहुणे येऊन फीत कापेपर्यंत कुलूपच होतं. दारं खराब होतील म्हणून. तोवर आम्ही कुठं जायचं ते कुणी सांगितलं नाही.”

साहेब हसला, पण वाईट हसला नाही. तेच तर. तो वाईट असता तर बरं झालं असतं. ओरडला असता, बाहेर काढ म्हणाला असता, तर हा पोटातला निखारा फेकायला समोर काहीतरी असतं. पण आवाज मऊ, नजर मऊ, आणि भिंत जशीच्या तशी.

“खरं सांगू का आजी,” तो म्हणाला, “इतक्या वर्षांत तुमच्या गल्लीतून याबद्दल एकही तक्रार नाही.”

“आम्ही दार धरत होतो म्हणून.”

“अगदी बरोबर.” साहेबाचा चेहरा खुलला. “तेच आम्ही वर कळवलं. बायकांची एकी. एक आत, एक बाहेर. पाहुण्यांना इतकं आवडलं की आपल्याला बक्षीस मिळालं. तुम्ही फोटो बघितला नाहीत? बाहेर लावलाय, मोठा.”

म्हणजे… यांनी कडी दिली नाही. दिली नाही म्हणून आम्ही पाठ लावली. ऊन असो, ताप असो, पोटुशी असो, लावली. आणि ती पाठ यांनी उचलून नेली, वर पाठवली, तिच्यावर बक्षीस आणलं. न दिलेल्याचंही देणं करून टाकलं यांनी. आणि मी आता कडी मागते आहे म्हणजे त्यांच्या बक्षिसाला भोक पाडते आहे…

“दार धरणारी मेली, साहेब.”

“अरेरे. वय झालं होतं?”

“पाणी सोडलं होतं तिनं.”

“उपास वगैरे?”

सांगायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं याची तिलाच भीती वाटली.

“घरी बाकी कोण आहे?” साहेबानं विचारलं.

“सून कामाला जाते. नात आहे. तिचं दार कोण धरणार?”

“तुम्ही आहात ना, आजी,” तो म्हणाला, आणि हे त्यानं कौतुकानं म्हटलं. “बरं, नमुना बदलायचा म्हणजे वरून परवानगी लागते. तुम्ही एक अर्ज देऊन ठेवा. मी जातीनं लक्ष घालतो.”

तिनं कडी उचलली. ग्लास तसाच राहिला. ती उभी राहिली, पण दाराकडं वळली नाही.

“मला जायचंय.”

“हो, या ना. सावकाश.”

“तसं नाही. जायचंय.”

साहेब लाल झाला. त्यानं घंटी वाजवली. “आजींना आपल्या इथलं दाखव,” तो शिपायाला म्हणाला, शिपायाकडं न बघता.

शिपाई पुढं, ती मागं. बोळाच्या टोकाला दार होतं आणि दारासमोरच्या भिंतीवर तो फोटो. मोठा, काचेत. निळ्या नव्या दाराला पाठ लावून थोरली उभी. हात मागं, टाच रोवलेली, मान एका बाजूला, आणि ती हसते आहे. खाली अक्षरं. अक्षरं धाकटीला उशिरा आली — नातीच्या पहिलीच्या पुस्तकातून, नातीच्या शेजारी बसून — त्यामुळं ती एकेक उचलून पुढं ठेवी. लो… क… स… ह… भा… ग. तिनं शब्द जुळवला. तेवढाच. थोरलीचं नाव नव्हतं.

तिला तो दिवस आठवला. दारं नवी होती, कुलपं नुकतीच निघाली होती, बाहेर कुणीतरी पुरुष बोलत होते आणि थोरली मोठ्यानं हसली होती. “काय गं, काय झालं?” हिनं आतून विचारलं होतं. “काही नाही, फोटो काढतायत माझा. तू बस निवांत.” म्हणजे या फोटोत, दाराच्या पलीकडं, मी आहे. मी आत बसले आहे आणि भिंतीवर टांगली गेले आहे, आणि सगळे साहेब येता-जाता…

“हेच आजी, इथंच,” शिपाई म्हणाला. “आटपा लवकर.”

ती आत गेली. दार लावलं. आतून कडी होती — पितळेची, जाड, बोट लावताच सरळ आत सरकली. खट्ट असा लहानसा आवाज झाला, आणि बाहेरचं सगळं बाहेर राहिलं. फरशी स्वच्छ, वर एक खिडकी, खिडकीतून आकाशाचा तुकडा. ती बसली. या आवाजापुढं आमच्या पाठी काय होत्या… तिनं मुठीतली कडी बघितली, दारावरची बघितली. दोघी बहिणी वाटाव्या अशा.

इतकं निवांत ती आयुष्यात कधी बसली नव्हती. कुणी येईल याची धास्ती नाही, बाहेर कुणाचे पाय दुखत असतील याची घाई नाही. आणि तिला करमेना. कान दाराला लागले. पहिल्यापासून अशी कडी असती तर… तर थोरली जगली असती. नातीची बाटली रिकामी घरी आली असती. आणि ते पोटातल्या मुलाचं, नवऱ्याचं, ते सगळं बोलणं झालं नसतं, कारण दोन जावा एका घरात कडी लावून आपापल्या गप्प बसल्या असत्या. हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचा इतका संताप आला की तिनं भिंतीवर मूठ टेकली. म्हणजे आता याबद्दलही यांचे उपकार मानायचे? माझं आयुष्यातलं सगळ्यात गोड जे होतं ते या लोकांच्या चुकारपणातून उगवलं, असं मला वाटायला लावलं यांनी. थोरलीसाठी सरळ रडायचीही सोय ठेवली नाही.

आणि तू. तू तरी. सगळ्या गल्लीची धरलीस, हसून फोटो काढून घेतलास, आणि एकदा, एकदाच, कुणाला तरी “धर गं” म्हणाली असतीस…

“आहेस का?” तिच्या तोंडून निघालं. मोठ्यानं निघालं.

बाहेर पावलं आली. “आजी, काय म्हणालात?” शिपाई. “झालं का? साहेबांना जायचंय.”

मुठीतली कडी आता गार झाली होती. आतला निखारा मात्र गेला नव्हता, बसला होता, एखादं माणूस बसावं तसा, पाठ टेकून. बाहेरून कुणीतरी दार ढकललं. मग जरा जोरानं ढकललं. कडी हलली नाही. कुणाच्याही पाठीशिवाय ते दार मिटलेलं राहिलं, आणि धाकटी त्याच्याकडं बघत राहिली.

अर्जाची पहिली ओळ तिनं मनाशी जुळवली: माझी थोरली जाऊ गेली ती जुळ्यांना दात येऊ लागले तेव्हा, उन्हाळा संपता संपता, मंगळवारी सकाळी, सरकारी दवाखान्यात.