चौथ्या मजल्यावरचं लाल ठिगळ

मित्रांनो, वारज्यातल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्याच्या भिंतीवरची फरशी सुटून चेअरमनच्या नव्या गाडीवर पडली. मात्र असं काही घडलंच नाही, असा ठराव कमिटीने लगेच एकमताने केला. त्यामुळे ती पडलेली नाही. आता पुढे ऐका.

मी एक जुना थर्मल कॅमेरा आहे. मला उजेड दिसत नाही, उष्णता दिसते. माझा जन्म अशा स्वच्छ खोलीत झाला, जिथे शिंकायलाही बंदी होती. हल्ली मी भिंती तपासणाऱ्या शौनकच्या सॅकमध्ये, गळक्या लोणच्याच्या डबीशेजारी राहतो. माझं तेलकट भिंग तो शर्टाला पुसतो. शर्ट कालचाच असतो. किळस येते, पण कामाला मी कधी नाही म्हटलं नाही.

त्या सकाळी ऊन भिंतीवर आलं आणि चौथ्या मजल्यापाशी मला लालभडक ठिगळ दिसलं. माणसांच्या डोळ्यांना भिंत चकाचक. बरोबर खाली, झाडाच्या सावलीत, कुसुमताई टेबल लावून कपड्यांना इस्त्री करत होत्या.

शौनक चेअरमन बापूरावांना म्हणाला, "काका, वरच्या फरश्या सुटल्यात. मागे हवा आहे."

"हवा खेळती असावीच."

"अहो, खेळत नाहीये, अडकलीय! उष्णता आत जात नाही, म्हणून तेवढीच जागा जास्त तापते. फरशी कुसुमताईंच्या डोक्यात पडेल."

बापूरावांनी तुळशीच्या कुंडीत पिंक टाकली आणि माझ्या पडद्यात डोकावून पाहिलं. वर ठिगळ लाल, खाली इस्त्री लाल. त्यांचा चेहरा उजळला.

"सापडलं! हिच्या इस्त्रीनेच भिंत तापतेय."

"अहो साहेब," कुसुमताई म्हणाल्या, "माझी इस्त्री चौथ्या मजल्यापर्यंत पोचत असती, तर घरी बसून अख्ख्या वारज्याचे कपडे केले नसते का?"

संध्याकाळी पाटी लागली : 'भिंत तापते. येथे इस्त्री करू नये. वाद घालायचा असल्यास भिंतीशी घालावा.'

कुसुमताईंची रवानगी फाटकाबाहेर झाली, उन्हात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. रिकाम्या सावलीत बापूराव गाडी लावू लागले. पुढचं घडलेलं नाही, म्हणून सांगता येत नाही. गाडीच्या काचा झाडणं मात्र अजून चालू आहे.

फरशी पडली असं मान्य केलं तर इस्त्री निर्दोष ठरते. म्हणून कुसुमताई आजही माशा हाकलत कमिटीचेच शर्ट कडक करतात. एवढी घाण मी लोणच्यातही पाहिली नाही.

मित्रांनो, भिंत काय सांगते ते वेळेवर ऐका.

तरी माननीय कमिटीस नम्र विनंती, की कुसुमताईंना त्यांची सावली तात्काळ परत मिळावी. तसेच सर्व सदस्यांनी रविवारी सकाळी टोपी न घालता, सोबत माझ्या भिंगासाठी एक स्वच्छ फडके घेऊन, गच्चीवर उन्हात उभे राहावे; म्हणजे आपापल्या डोक्यात नेमकी कुठे कुठे हवा अडकली आहे, ते मला कळवता येईल.