भिंगाखालची तारीख

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. ओसाकाच्या एका चश्मेवाल्याने मला घासून घडवले आणि पितळी कडे चढवले. पण माझ्या जन्माचे सार्थक झाले ते आमच्या जिल्हा कचेरीत, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवतात त्या खोलीत.

काय दिवस होते ते! युद्ध नुकतेच संपले होते. सकाळपासून बायाबापड्यांची रांग लागे. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा सरकारने मृत म्हणून कळवलेला, पण हाती हाडसुद्धा आलेले नसायचे. कारकून मला पानावर धरत आणि समोरची बाई श्वास रोखून बसे. जाताना लोक मलासुद्धा वाकून नमस्कार करत. खोटे कशाला बोलू, मी फुशारून जाई.

पुढे संगणक आले, पानांची छायाचित्रे निघाली आणि मी गंजक्या टाचण्यांसोबत खणात पडले. फार एकटे वाटे.

गेल्या थंडीत नव्वदी ओलांडलेल्या निशिवाकी आजी आल्या. त्यांचा भाऊ तामोत्सु दक्षिणेच्या एका बेटावर लढायला गेला होता. जुलैत बेट शत्रूच्या हाती पडले आणि अख्ख्या तुकडीला एकाच तारखेला मृत ठरवले गेले. आमच्याकडे दूर गेलेल्या माणसाचा वाटा रोज वाढून ठेवतात. वाडग्याच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब आले, की माणूस सुखरूप. मृत्यूचा कागद आल्यावरही त्यांची आई वाढतच राहिली. थेंब येतात, म्हणे. गाव तिला वेडी म्हणू लागले. शेवटी पुढच्या जानेवारीत, नव्या वर्षाच्या सणाला, वडिलांनी ते वाडगे उचलून मेलेल्यांचा नैवेद्य म्हणून पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवले. त्यानंतर आई कुणाशी धड बोलली नाही. ती खरेच वेडी होती का, एवढेच आजींना मरण्याआधी जाणून घ्यायचे होते.

हिरुमा नावाच्या तरुण अधिकारी बाईने पडद्यावर पान दाखवले.

"मुली, तुझ्या या पेटीत नुसता धूर दिसतोय गं," आजी म्हणाल्या.

"धूर नाही आजी, कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय. थांबा जरा."

तिने तळघरातून मूळ पान आणले आणि मला खणातून बाहेर काढले. ती पुसट ओळ मी मोठी केली. परतलेल्या एका सोबत्याची ती साक्ष होती. तामोत्सु जंगलात निसटला होता आणि पुढच्या मार्चमध्ये तापाने गेला. घरच्यांना हे कुणी कळवलेच नव्हते.

आजींनी बोटांवर महिने मोजले.

"बाबांनी वाडगं उचललं, तेव्हा तो जिवंत होता," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मला हे मोठ्या अक्षरांत लिहून दे. आईच्या थडग्यापुढे वाचायचंय, चुकायला नको."

मित्रांनो, मला भंगारात दिलेत तरी चालेल. पण छायाचित्रे निघाली म्हणून ती पिवळी पाने जाळू नका. कितीतरी आया अजून आपल्या गावाच्या लेखी वेड्याच आहेत.