पाकीट फोडलं नाही तोवर

"पाकीट फोडलं नाही तोवर आतलं ठरलेलंच नसतं. तुम्हीच शिकवता ना, सर?"

प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला. समोरचे गृहस्थ बावीस वर्षं पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करत होते. मीटरचा काटा केसभर सरकला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे, म्हणून मुलं त्यांना काटेकोर काका म्हणत. काम करता करता अर्धंमुर्धं व्याख्यान कानावर पडे, आणि तेवढ्या भांडवलावर काकांनी स्वतःपुरता सिद्धान्त उभा केला होता. बायकोच्या गळ्यावरच्या गाठीचा तपासणी अहवाल चार दिवस त्यांच्या टेबलाच्या खणात बंद होता; आज ते पाकीट त्यांच्या हातात होतं.

"ते इलेक्ट्रॉनपुरतं हो," प्राध्यापक म्हणाले. "तो कुठे सापडेल, हे बघण्याआधी निसर्गालाही ठाऊक नसतं. हा तर कागद आहे. यावरची शाई कधीच वाळली. वहिनींना काय सांगितलंत?"

"अहवाल यायचाय म्हणून."

"अहो, उपचार करायचे असतील तर चार दिवस फुकट घालवलेत तुम्ही."

काकांनी तिथेच पाकीट फोडलं आणि प्राध्यापकांकडून दोनदा वाचून घेतलं. गाठ साधी होती. काका खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

घरी बायको कपाट आवरत होती. कपड्यांचा एक ढीग लेकीसाठी, एक नणंदेसाठी.

"अगं, अहवाल आला. साधी गाठ आहे. काही नाही निघालं."

"बसा. पाणी देते."

"खरं सांगतोय."

"चार दिवसांत एकदाही भांडला नाहीत माझ्याशी. मीठ जास्त पडलं तरी गुपचूप जेवलात. मला तेव्हाच कळलं."

"मी घाबरलो होतो. पाकीट फोडलंच नव्हतं."

"तुम्ही? दाराची कडी तीनदा तपासणारे तुम्ही चार दिवस पाकीट न फोडता राहिलात?"

त्यांनी कागद पुढे केला. तिने तो उजेडात धरला; डॉक्टरी शब्दांतलं तिला काही उमगलं नाही.

"उद्या डॉक्टरांनाच विचार."

"त्यांनाही पढवून ठेवलं असेल तुम्ही. डोळे बघा कसे सुजलेत."

"आनंदाने रडलो गं."

"हो, हो," ती मायेने म्हणाली. आपल्याच हाताने आपण हिला मारून ठेवलं, हे काकांना लख्ख कळलं.

तिने कागदाची नीट घडी घालून त्यांच्या खिशात ठेवली.

"तुमचे स्वेटर वरच्या कप्प्यात ठेवलेत," ती म्हणाली. "तुम्हाला सापडत नाहीत, म्हणून आत्ताच सांगून ठेवते."