दिवे लागायच्या वेळची मोजणी

"सूनबाई, भिंतीकडचे मासे दिवे लागायच्या वेळेला मोज. भर उन्हात ते दार उघडत नाहीत," सासरे मला म्हणाले होते. तीस वर्षं खाडीत बुड्या मारून त्यांनीच ती दगडी भिंत डागडुजी करत उभी ठेवली होती.

मी हसले. "बाबा, मासे काय घड्याळ बघून बाहेर पडतात?" प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे होती. शिवाय माझी तान्ही लेक ठकू दुपारीच झोपायची.

सहा महिने मी दुपारी एक ते दोन मोजत राहिले. खाडीच्या एका काठाला चिखल आणि पाणगवत, समोर भिंत. गवतात पिल्लांची झुंबड, भिंतीशी शून्य. तसा अहवाल ऑफिसात दिला. साहेब म्हणाले, "मग भिंतीच्या भेगा बुजवून टाकू." सोमवारपासून काम ठरलं.

शुक्रवारी ठकूला दात येत होते. दुपारभर तिने घर डोक्यावर घेतलं आणि मोजणी राहिली. संध्याकाळी तिला पोटाशी बांधून गेले. पाण्याच्या इतक्या जवळ तिला कधी नेलं नव्हतं. गाठ चार वेळा चाचपली. बाबा मागोमाग आले, टॉर्चला लाल रुमाल गुंडाळून.

"उजेड थेट नको. कडेने धर," टॉर्च माझ्या हातात देत ते म्हणाले.

भेगेतून आधी एक तोंड डोकावलं. मग तीन. मग अख्खं बिऱ्हाडच. गवतातलेच ते पट्टेवाले मासे. तिथे फिकट हिरवे, इथे दगडासारखे काळपट. चुना निखळलेल्या खाचांत नखाएवढी पिल्लं.

"गवत मिळालं नाही, तर यांनी भेगेत संसार थाटला," बाबा म्हणाले.

या सगळ्या दारांवर सोमवारी सिमेंट बसणार होतं, माझ्या सहीने.

"बाबा, तुम्ही सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं. आता मोज. रडायचं ते घरी जाऊन."

दोनशे चौदा भरले. सकाळी साहेबांपुढे उभी राहिले. "अहवाल चुकलाय. मुलगी झोपते म्हणून मी फक्त दुपारीच मोजलं."

त्यांनी चष्मा काढला. "हे कारण लेखी द्याल?"

"दिलंय. पान दोन."

ते हसले. पाण्याखालच्या भेगांना महिनाभर हात लावायचा नाही असं ठरलं. रोज संध्याकाळची मोजणी दाखवली तर कायमचं.

ती मोजणी आता बाबा करतात, कारण ठकू माझ्याशिवाय झोपत नाही. त्यांचे गुडघे कुरकुरतात, भिंतीवरून पाण्यात उतरणाऱ्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. पाचवीच्या खाली उतरू नका म्हटलं, तर म्हणतात, "या पायऱ्या मीच बसवल्यात गं!" आणि हसतात, मी हसले होते तसेच.

म्हणून तुम्हाला सांगते. संध्याकाळी तिकडे फिरायला गेलात, तर लाल रुमालाचा टॉर्च शोधा. म्हातारबुवा पाचव्या पायरीच्या वर आहेत ना, एवढं बघा. खाली दिसले, तर सूनबाईने हाक मारायला सांगितलंय म्हणा. आणि आज किती निघाले तेही विचारा. ते सांगायला म्हणून तरी वर येतील.