चिरून पाहिलं का?

धम्मशीलाने चहाचा कप खुर्चीखाली सरकवला आणि हात वर केला. प्रेरणाचं भाषण अजून संपलंही नव्हतं.

पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर काम करणारे विभागातले सगळे संशोधक शेगावच्या त्या सभागृहात जमले होते. यांतून दिल्लीच्या परिषदेला एकालाच पाठवणार होते, आणि सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं. प्रेरणा! कालपरवापर्यंत धम्मशीलाच्या हाताखाली पेट्री डिश धुणारी पोरगी. तिने म्हणे हरभऱ्याच्या मर रोगावर उपाय शोधला. अध्यक्ष माना डोलावत होते, पुढच्या रांगेतले मोबाइलवर फोटो घेत होते, आणि धम्मशीलाच्या पोटात नुसतं दुखत होतं. याच रोगामागे ती उभं आयुष्य उन्हातान्हात फिरली होती. तिचं स्वतःचं भाषण मात्र पहिल्या सत्रात, लोक खुर्च्या शोधत असतानाच उरकलं होतं.

मघाशी पडद्यावर एक फोटो आला होता आणि अजून तिथेच होता. कोणाच्या तरी हातात उपटलेलं हरभऱ्याचं झाड. सोटमूळ अर्ध्यात तुटलेलं, बाजूची बारीक मुळं गळून गेलेली. तो पाहून धम्मशीलाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. पोरगी तावडीत सापडली होती.

“हे झाड मर रोगाचं आहे?” ती उभी राहून म्हणाली. “मूळ उभं चिरून पाहिलं होतं का? मर असती तर आत काळी रेघ दिसली असती. मला तर ही कोरडी मूळकूज दिसते. रोगच दुसरा असेल, तर उपाय लागू पडला हे कशावरून?”

प्रेरणाने वळून पडद्याकडे पाहिलं. धम्मशीलानेही पाहिलं, जरा ऐटीतच.

झाड धरलेल्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता. प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या दिव्याचा. धम्मशीलाने आपला अंगठा हळूच मुठीत दडवला.

साखरखेर्ड्याचं शेत होतं ते. नमुने गोळा करताना प्रेरणाने पिशवीतून ब्लेड काढलं होतं. “चिरून पाहू का, मॅडम?” तिने विचारलं होतं.

आणि धम्मशीला वैतागली होती. “चिरून काय पाह्यतं? मर हाय. लिही अन् चाल, गाडी सुटून जाईन.”

आता ही आपलं नाव घेणार. कोणीही घेतलं असतं.

“नाही चिरलं,” प्रेरणा माइकवर म्हणाली. “चूक माझी आहे. हे निष्कर्ष मी मागे घेते. सगळे नमुने पुन्हा तपासून पाहीन.”

जेवणाआधी दिल्लीसाठी नाव जाहीर झालं, धम्मशीलाचं. अध्यक्षांनी तिच्या पारखी नजरेचं तोंडभरून कौतुक केलं. टाळ्या थांबल्यावर तिने हात धुण्याच्या नळापाशी प्रेरणाला गाठलं.

“माझं नाव काऊन नाही घेतलं वं?”

“तुमचं काऊन घेऊ, मॅडम? ब्लेड तं माह्या हातात होतं.” प्रेरणाचे डोळे लाल झाले होते, तरी ती हसली. “दिल्लीले थंडी लय राह्यते. शाल घेऊन जाजा.”

धम्मशीला तिचा चेहरा न्याहाळत राहिली. टोमण्याची एखादी काळी रेघ कुठेतरी असेल, असायलाच हवी होती. ती काही सापडली नाही. आणि भाषणाच्या वेळीही झाला नव्हता एवढा जळफळाट तिला आता झाला.