कॅप्सूलचे वाटे

लालसूच्या लेकीचं, ललिताचं, लग्न झालं त्या साली, म्हणजे २००३ च्या उन्हाळ्यात, धानोऱ्याकडच्या जंगलात तेंदूपत्ता चांगला फुटला होता. लेक सासरी गेली आणि लालसूच्या घरच्या दोघी बायका पत्ता तोडायला निघाल्या. एक त्याची बायको वच्छला, दुसरी बुधरी, त्याच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको. पहाटे निघायचं, ऊन डोक्यावर येईस्तोवर तोडायचं. डोक्यावर पत्त्याचं ओझं, त्यात पाणी कोण वाहणार? दिवसभर घसा कोरडाच.

वच्छलाला लघवीची जळजळ सुरू झाली. नर्सबाईनं कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, सगळ्या तूच संपव. पण तोच त्रास बुधरीला होता, शेजारच्या पत्रूच्या बायकोलाही होता. त्यांच्या गावात रानडुक्कर मारलं तर घराघरात सारखा वाटा जातो. वच्छलानं कॅप्सूलचेही तीन वाटे केले. मागच्या उन्हाळ्यात तिनं हेच केलं होतं, त्याच्या मागच्यातही. दरवेळी तिघींना बरं वाटायचं.

या खेपेला वच्छलाचं बरं वाटणं टिकलं नाही. कंबरेत कळा, हुडहुडी भरून ताप. लालसूनं तिला गडचिरोलीला नेलं. सोबतीला बुधरी आली. दवाखान्यात सुया सुरू झाल्या, ताप तसाच. लघवी तपासायला नागपूरला गेली. तिकडून रिपोर्ट येईस्तोवर वच्छला माणसं ओळखेनाशी झाली होती.

रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरबाई स्टूल ओढून बसल्या.

"यांच्या लघवीतले जंतू एक रस तयार करतात, एन्झाइम म्हणतात त्याला. आपण औषध दिलं की तो रस त्याचे तुकडे करून टाकतो. अर्धवट औषधं खाल्ली की हेच जंतू मागे उरतात. शिवाय ही विद्या ते शेजारच्या जंतूंनाही देतात."

"म्हंजे तेबी वाटूनच खातेत," बुधरी म्हणाली. डॉक्टरबाईंना हसू आलं, लालसूला नाही.

"लागू पडेल असं एक इंजेक्शन आहे. चंद्रपूरहून थोडंच मिळालंय, पुढचं नागपूरहून मागवलंय. आता याचे वाटे नाही करायचे हं, आजी."

"नाई करत, बाई," बुधरी म्हणाली.

नव्या इंजेक्शननं वच्छलाचा ताप उतरू लागला. दुसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली. बुधरीनं ती भरवली, पण चमचा वाटीवर वाजत होता. बाहेर उन्हाची गरम लू चालली होती आणि बुधरी चादर पांघरून बसली होती.

"वयनी, थंडी वाजून राह्यली का तुले?"

"तुया बायकोचा ताप निंगून कुठी जाईन रे? माह्याजवळ येऊन बसला असन."

"मजाक नोको करू. डॉक्टरबाईले सांगू का?"

"काऊन? बुढीचे हातपाय कापतच असतेत. तू तिच्याकडे पाय."

लालसूनं कोपऱ्यातल्या फ्रिजकडे पाहिलं. वच्छलाच्या बाटल्या त्यातच होत्या, आणि त्या किती थोड्या उरल्या ते त्याला ठाऊक होतं. वयनी आजारी आहे असं एकदा तोंडातून निघालं, की वाटा पाडावा लागणार. तो उठला आणि पुन्हा बसला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सकाळी बुधरी व्हरांड्यात भिंतीशी कलंडलेली सापडली. अंग भट्टीसारखं तापलेलं, हातपाय मात्र गार. डॉक्टरबाई धावत आल्या, नाडी पाहिली, आणि वच्छलाच्याच औषधातली बाटली फोडून तिला टोचली.

"त्रास कधीपासून होता यांना?"

"कालपासून... त्याच्याबी आधीपासून असन," लालसू म्हणाला. "तुमीच म्हणलं का वाटे नोको म्हून."

"अहो, एकीची मात्रा दोघींत नको म्हटलं मी! दुसरीसाठी वेगळं मागवलं असतं. नागपूरला एक फोनच करायचा होता!"

बुधरीनं डोळे उघडले.

"तिले हाय ना शिल्लक?" तिनं विचारलं.

"हाय, वयनी. लय हाय."

नागपूरची गाडी औषध घेऊन आली तेव्हा दुपार कलली होती. वच्छला त्या दुखण्यातून उठली. बुधरी गुरुवारी, २९ मे २००३ ला, गाडी यायच्या आधी वारली.